दारू सुटली, पण डोकं कधी जाग्यावर येतं?

दारू सोडून दोन आठवडे झालेल्या माणसाबद्दल घरचे हमखास सांगतात, "काही सांगा, लक्षातच ठेवत नाही, मुद्दाम करतो." मुद्दाम नसतं हो ते, बऱ्याचदा त्याला खरंच जमत नसतं.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या मेंदूत सगळ्यात जास्त मार बसतो तो कपाळामागच्या भागाला आणि छोट्या मेंदूला. म्हणजे प्लॅनिंग, स्वतःला आवरणं, नवीन गोष्ट लक्षात ठेवणं आणि चालताना तोल सांभाळणं हे बिघडतं. पण बोलणं, शब्द, जुनी माहिती बऱ्यापैकी शाबूत राहते, त्यामुळे गप्पा मारताना माणूस एकदम नॉर्मल वाटतो आणि मग विसरला की सगळ्यांना वाटतं नाटक करतोय.

यात व्हिटॅमिन बी1 म्हणजे थायमिनचा मोठा हात आहे. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, त्यात पिणारा धड जेवत नाही आणि जे खातो त्यातलं थायमिनही दारूमुळे आतड्यातून नीट शोषलं जात नाही. साठा संपला की गोंधळ उडणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, झोकांड्या जाणं असं होऊ शकतं. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी हे 1881 मध्येच लिहून ठेवलंय. तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही, आणि लोक म्हणतात "प्यायलाय, झोपू दे", तिथेच घात होतो, कारण त्या वेळी शिरेतून थायमिन मिळालं तर माणूस वाचू शकतो आणि उशीर झाला तर होऊ शकतो कोर्साकोव्ह सिंड्रोम, म्हणजे नवीन आठवण बनणंच जवळपास बंद. असा पेशंट "काल मी गावी गेलो होतो" असं ठामपणे सांगतो आणि तो गेलेलाच नसतो. तो फसवत नाहीये, आठवणीतली रिकामी जागा त्याचा मेंदू आपोआप भरतोय.

पण बहुतेकांचं इथवर जात नाही, आणि त्यांच्यासाठी बातमी खरंच चांगली आहे. पिण्यामुळे आक्रसलेला मेंदू दारू सोडल्यावर काही प्रमाणात पुन्हा भरतो, हे टोरंटोच्या संशोधकांनी 1978 मध्ये सीटी स्कॅनवर दाखवलं, पुढे एमआरआयमध्येही तेच दिसलं. सगळ्यात वेगाने सुधारणा पहिल्या महिन्यात होते. लक्ष लागणं, साधी स्मरणशक्ती काही आठवड्यांत सुधारते, पण निर्णय घेणं, स्वतःला आवरणं याला कित्येक महिने, कधी वर्षाच्या वर लागतं. वय जास्त असेल, डोक्याला मार लागलेला असेल किंवा सोडणं-धरणं अनेकदा झालं असेल तर आणखी हळू.

म्हणून मला मनापासून वाटतं की पहिल्या आठवड्यात लांबलचक समुपदेशन करून "याच्यात काही फरक नाही" असा निष्कर्ष काढणं हा अन्याय आहे. ऐकलेलं धरून ठेवणारा भागच अजून सावरलेला नसतो. एका वेळी एकच गोष्ट सांगा, कागदावर लिहून द्या, दुसऱ्या दिवशी न चिडता परत सांगा. जमीन, पैसे, नोकरी यांचे मोठे निर्णय काही महिने लांबवता आले तर लांबवा. स्मरणशक्तीची टेस्टही लगेच केली तर मार्क कमीच येणार, काही आठवड्यांनी परत करून घ्या.

आणि एक, रोज भरपूर पिणाऱ्याला घरीच कोंडून एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरकडे न्या आणि थायमिनचं स्वतःहून विचारा.