आवृत्ती बदलली की जुनं पुस्तक बाद: अमेरिकेतल्या टेक्स्टबुक कायद्याची पार्श्वभूमी

अमेरिकेत कॉलेजची टेक्स्टबुकं किती वर्षांनी बदलता येतील यावर सरकारने मर्यादा घातली आहे असं अनेक जण धरून चालतात. तशी मर्यादा नाहीये. २००८ चा फेडरल कायदा प्रकाशकाला नवी आवृत्ती काढण्यापासून अडवत नाही, काय बदललं ते सांगा एवढंच म्हणतो. मागणी होती बदलाच्या वेगाला आवर घालायची आणि हातात आला खुलासा, हा सगळा विषय त्यातच आहे.

आधी एक शब्दाचा घोळ. मराठी प्रकाशनात पुस्तक नुसतं पुन्हा छापलं तरी आपण त्याला पाचवी आवृत्ती, दहावी आवृत्ती म्हणतो, आणि लेखकाला त्याचा आनंद असतो कारण पुस्तक खपतंय. तिथे टेक्स्टबुकची नवी आवृत्ती म्हणजे मजकूर बदलला असं धरलं जातं, आणि ती आली की आधीच्या आवृत्तीची किंमत एका दिवसात पडते, कॉलेजचं दुकान ती परत घेत नाही. प्रत्यक्षात कधी पूर्ण नवीन प्रकरणं येतात तर कधी गणितांचे नंबर इकडचे तिकडे केलेले असतात, पण सरांनी नव्या आवृत्तीतून होमवर्क दिला की जुनं पुस्तक असलेला मुलगा अडकलाच. आणि आपल्या पुण्यातल्या इंजिनिअरिंगसारखं २०१५ पॅटर्न, २०१९ पॅटर्न असं विद्यापीठ ठरवतं आणि सगळ्यांचं एकदम बदलतं, असंही तिथे नाही. कुठलं पुस्तक लावायचं हे बहुतेक ठिकाणी शिकवणारा किंवा त्याचा विभाग ठरवतो, किंमत मात्र मुलं भरतात.

विकत घेतलेलं पुस्तक पुढे विकायचा हक्क अमेरिकेत १९०८ पासून कोर्टाने मान्य केलेला आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांचा बाजार कोणी बंद करू शकत नव्हतं. प्रकाशकाला जुन्या प्रतीवर एक पैसा मिळत नाही, पहिल्या सेमिस्टरला खप चांगला आणि मग उतरता, म्हणून पुढची आवृत्ती लवकर आणायची. संसदेसाठी चौकशी करणाऱ्या सरकारी यंत्रणेने २००५ मध्ये अहवाल दिला, त्यात डिसेंबर १९८६ ते डिसेंबर २००४ मध्ये टेक्स्टबुकच्या किमती १८६ टक्के वाढल्या आणि एकूण महागाई ७२ टक्के, असं निघालं. आवृत्ती बदलायचा काळ आधी ४-५ वर्षं असायचा तो ३-४ वर्षांवर आला होता. किंमतवाढीचं मुख्य कारण म्हणून अहवालाने सीडी, वेबसाइट अशा जोडसाहित्यावरच्या खर्चाकडे बोट दाखवलं हेही सांगायला हवं, पण विद्यार्थी संघटनांचा राग आवृत्त्यांवर होता आणि माझ्या मते तो बरोबर होता.

त्याच सुमाराला राज्यांनी कायदे करायला घेतले. वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये नव्या आवृत्तीत जुन्यापेक्षा काय वेगळं आहे ते कळवणं आलं. खरी वेळेची अट मात्र कायद्याच्या बाहेर, पुस्तकं भाड्याने देणाऱ्या कॅम्पसवर होती, विस्कॉन्सिनमध्ये अशी काही आहेत. कॉलेज पुस्तक विकत घेऊन दरवर्षी मुलांना भाड्याने देतं, म्हणजे तेच पुस्तक काही वर्षं चालवल्याशिवाय हिशोब बसतच नाही. वेग आवरायची चालणारी पद्धत समोर होती.

ती देशभर का लागली नाही? शिकवणाऱ्याने कुठलं पुस्तक वापरावं हे सरकार सांगू शकत नाही, हा अध्यापन स्वातंत्र्याचा मुद्दा आडवा आला. तो खोटा नाही, मेडिकल किंवा कॉम्प्युटरच्या विषयात तीन वर्षं जुनं पुस्तक खरंच जुनं होतं. पण पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये तीन वर्षांत असं काय बदलतं? कायद्याने हा फरक केलाच नाही. ऑगस्ट २००८ मध्ये सही झाली, टेक्स्टबुकची कलमं १ जुलै २०१० पासून लागू झाली. प्रकाशकाने शिक्षकाला किंमत सांगायची, मागच्या तीन आवृत्त्यांची कॉपीराइट वर्षं द्यायची, आधीच्या आवृत्तीपासून झालेले भरीव बदल लिहायचे आणि पुस्तक-सीडीचा गठ्ठा असेल तर वस्तू सुट्ट्याही विकायच्या.

आता हे 'भरीव' म्हणजे काय? व्याख्या आहे: नवीन प्रकरणं, आणखी काळखंड, नवीन आशयसूत्रं (थीम) किंवा नवीन विषय, 'अशासारखा' मजकूर. किती भरला की भरीव, ते लिहिलेलं नाही, आणि भरीव काहीच नसेल तर आवृत्ती काढू नका असंही कुठे नाही. त्यात त्याच कायद्यात असंही घातलं की शिक्षण खात्याने या कलमावर नियम करायचे नाहीत. म्हणजे व्याख्या ढिली आणि ती घट्ट करणारं कोणी नाही. मला हाच निर्णय सगळ्यात चुकीचा वाटतो.

पुस्तकांची नावं आणि किमती ऑनलाइन टाकायचं काम कायद्याने कॉलेजांवर टाकलं होतं, ते त्यांनी बऱ्यापैकी पाळलं. तरी २०१३ च्या पुढच्या सरकारी अहवालात २००२ ते २०१२ ची वाढ ८२ टक्के निघाली, महागाई २८. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने निकाल दिला की परदेशात कायदेशीर छापलेली स्वस्त प्रत अमेरिकेत आणून विकता येते. केस थायलंडच्या एका विद्यार्थ्याची होती, पण अप्पा बळवंत चौकातून 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' छापलेली पुस्तकं बॅगेत भरून एमएसला गेलेल्या आपल्या मुलांना विषय लगेच कळेल.

मग ॲक्सेस कोड आले, म्हणजे ऑनलाइन साहित्य उघडायचे विकतचे कोड. होमवर्क ऑनलाइन, कोड एकदाच चालतो, सेमिस्टर संपलं की विकायला हातात काहीच उरत नाही. २०१६ पासून ठराविक अटींवर डिजिटल पुस्तकाचे पैसे थेट फीमध्ये धरायची मुभा मिळाली, नको असेल तर विद्यार्थ्याने स्वतः सांगून बाहेर पडायचं. आणि जुलै २०१९ मध्ये एका मोठ्या प्रकाशकाने जाहीर केलं की अमेरिकेतल्या सुमारे १५०० पुस्तकांच्या तीन वर्षांनी येणाऱ्या छापील आवृत्त्या बंद, यापुढे डिजिटल प्रत लागेल तशी अपडेट होत राहील. म्हणजे बदल आता कधीही होऊ शकतो, आणि कायद्यातला खुलासा अजून आवृत्ती या शब्दालाच बांधलेला आहे.