न भेटलेल्या माणसाचं सुतक

ब्लॅक सॅबथ या इंग्लंडमधल्या हेवी मेटल रॉक बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न २२ जुलै २०२५ रोजी गेला. बातमी जाहीर झाली तेव्हा इंग्लंडमध्ये संध्याकाळ होती आणि आपल्याकडे मध्यरात्र व्हायला आली होती. त्यामुळे गोव्यातल्या बहुतेकांना बातमी कळली ती बुधवारी सकाळी, बाहेर पाऊस कोसळत असताना. वय ७६. पार्किन्सन्सचा आजार असल्याचं त्याने २०२० मध्येच जाहीर केलं होतं. सतरा दिवसांपूर्वी, ५ जुलैला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानात ब्लॅक सॅबथच्या जुन्या साथीदारांबरोबर तो शेवटचा गायला. उभं राहवत नव्हतं म्हणून सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. म्हणजे हा मृत्यू अचानक आलेला नव्हता. तरीही म्हापशातल्या माझ्या एका मित्राने त्या दिवशी दुकान उघडलं नाही. हा पन्नाशी ओलांडलेला, मोटर रिवाइंडिंगचा धंदा करणारा, एरवी शांत माणूस. त्याची आई काळजीनेच विचारत होती, "अरे, पण तो तुझा कोण लागत होता?"

असं दुःख म्हणजे दिखावा, असं म्हणणारे मला बरेच भेटतात. मला ते अजिबात पटत नाही, आणि याबाबतीत विज्ञानही माझ्या मित्राच्या बाजूने आहे.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्ये एक निबंध लिहिला. टीव्ही तेव्हा नुकताच घराघरांत शिरला होता. पडद्यावरचा माणूस कॅमेऱ्याकडे बघून बोलतो आणि घरी बसलेल्याला तो आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. हळूहळू ओळख वाढल्यासारखी वाटते, त्याच्या खोडी माहीत होतात, त्याची काळजी वाटू लागते. या एकतर्फी नात्याला त्यांनी पॅरासोशल असं नाव दिलं. असं नातं फक्त एकलकोंड्या माणसांचंच असतं, असा एक समज पुढे रूढ झाला. नंतरच्या संशोधनात तो टिकला नाही. भरल्या घरात राहणारी, मित्रपरिवार असलेली माणसंही अशी नाती जोडतात.

गायकाच्या बाबतीत यात आवाजाची भर पडते. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या जरा वर, मानवी आवाजाला खास प्रतिसाद देणारे भाग आहेत. पास्कल बेलिन आणि सहकाऱ्यांनी ते २००० मध्ये दाखवून दिले. जन्मून जेमतेम काही दिवस झालेलं मूलही आईचा आवाज इतर बायकांच्या आवाजांतून निवडतं. उत्क्रांतीच्या लाखो वर्षांत ओळखीचा आवाज कानी पडला, याचा अर्थ एकच होता: आपलं माणूस हाकेच्या अंतरावर आहे. एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये. एवढ्या थोड्या काळात मेंदू बदलत नाही. तीस-पस्तीस वर्षं एखादा आवाज रोज कानाशी असेल, तर तो परक्याचा आहे हे बुद्धीला कळतं, पण तिच्याखाली चाललेल्या यंत्रणेला ते कोण सांगणार? माझ्या मित्राने ऑझीचा आवाज जितके तास ऐकला असेल, तितका त्याने स्वतःच्या सख्ख्या मामाचाही ऐकलेला नाही.

संगीत ऐकताना अंगावर काटा येतो, त्या क्षणाचा अभ्यास माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सलिमपूर आणि रॉबर्ट झाटोरे यांच्या गटाने केला. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की आवडत्या गाण्यातली ती जागा जवळ येऊ लागते तेव्हाच मेंदूच्या कॉडेट या भागात डोपामिन हे ओढ आणि सुखाशी जोडलेलं रसायन स्रवू लागतं, आणि जागा प्रत्यक्ष आली की न्यूक्लिअस अ‍ॅकम्बन्स या भागात. म्हणजे सुखाचा एक हिस्सा वाट बघण्यातच असतो. आता दुसरा प्रयोग बघा. २००८ मध्ये मेरी-फ्रान्सेस ओकॉनर यांनी स्तनाच्या कर्करोगाने आई किंवा बहीण गमावलेल्या स्त्रियांना त्या व्यक्तीचे फोटो दाखवले. ज्यांचं दुःख काही केल्या ओसरत नव्हतं, त्यांच्या मेंदूत हाच न्यूक्लिअस अ‍ॅकम्बन्स जागा झाला. आई जाणं आणि आवडता गायक जाणं सारखंच, असा अर्थ यातून कुणी काढू नये. पण ओढ लावणारी आणि वाट बघायला लावणारी यंत्रणा दोन्हीकडे कामाला लागते, एवढं यातून दिसतं. शोक म्हणजे मेंदूचं एक शिकणं आहे, असं ओकॉनर मांडतात. माणूस नाही हे कळायला क्षण पुरतो, पण त्याची वाट बघणं सुटायला महिने लागतात.

इथे एक प्रश्न मला फार दिवस छळत होता. घरातलं माणूस गेलं की त्याचा आवाज थांबतो, खुर्ची रिकामी होते, ताट कमी वाढावं लागतं. इथे तर तसं काहीच झालं नाही. ऑझी गोव्यात राहत नव्हता. त्याची गाणी मंगळवारी होती तशीच गुरुवारी होती, एक सूर इकडचा तिकडे नाही. मग गेलं काय?

एक तर पुढचं गेलं. नवं गाणं येईल, तो पुन्हा मंचावर दिसेल ही शक्यता कितीही अंधूक असली तरी होती, आणि वाट बघणारा मेंदू तेवढ्यावरही चालतो. दुसरं जे जातं ते जास्त खोल असतं. माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर उतारवयात त्यातल्या खूपशा आठवणी साधारण दहा ते तीस या वयातल्या निघतात. आलेख काढला तर त्या जागी सरळ उंचवटा दिसतो. स्वतःची ओळख घडते ती त्याच वर्षांत, आणि गाणी मनात रुततात तीही तेव्हाच. पीटर जनाटा यांनी २००९ मध्ये लोकांना त्यांच्या लहानपणच्या आणि तारुण्यातल्या काळातली गाणी ऐकवली. ज्या गाण्याने जुनी आठवण जागी केली, त्या गाण्याच्या वेळी कपाळामागचा मध्यभाग, म्हणजे मिडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जास्त काम करत होता. स्वतःविषयीचा विचारही आपण याच भागात करतो.

माझ्या मित्राचं तारुण्य म्हणजे आयटीआयमधली वर्षं, कुणाकडून तरी मिळालेली, कॉपीवरून कॉपी केलेली कॅसेट, आणि शेजारच्या ख्रिस्ती घरात चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकलेल्या मुलाने दाखवलेले गिटारचे पहिले कॉर्ड. घरात भजन आणि नाट्यगीतं, कानात हेवी मेटल. तो काळ ज्या खुंटीला टांगला होता, ती खुंटीच निघाली. दुकान बंद ठेवलं ते फक्त बर्मिंगहॅमच्या एका म्हाताऱ्या गायकासाठी नव्हतं.

या शोकाला समाजात जागा नाही, ही खरी अडचण. आपल्याकडे सुतक आहे, दहावं-बारावं आहे. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे सातव्या दिवसाचा मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आहे. गोव्यातल्या वर्तमानपत्रांत पुण्यतिथीला फोटोसह स्मरणाच्या जाहिराती वर्षानुवर्षं येतात. रडायला दिवस ठरलेले, भेटायला येणारे ठरलेले. चाहत्याला यातलं काहीच नाही. समाज ज्याला मान्यता देत नाही अशा दुःखाचा अभ्यास केनेथ डोका यांनी केला आणि १९८९ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. शोक हा हक्क असतो आणि तो नाकारला जाऊ शकतो, हे त्यांचं म्हणणं. ६ फेब्रुवारी २०२२ ला लतादीदी गेल्या तेव्हा देशात दोन दिवसांचा दुखवटा होता. त्यांचं मूळ मंगेशीचं, त्यामुळे गोव्याला तर घरचंच माणूस गेल्यासारखं झालं. "त्या तुझ्या कोण लागत होत्या?" असं तेव्हा कुणी कुणाला विचारलं नाही. मेंदूतल्या पेशी मात्र गायनाचा प्रकार बघून दुःखाचं माप ठरवत नाहीत.

नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार या शोकाच्या पाच पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, पण मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. प्रत्यक्षात माणूस पायरी-पायरीने जात नाही. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेन्क शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं चित्र मला जास्त खरं वाटतं: कधी दुःखात, कधी रोजच्या व्यवहारात, अशी ये-जा. मित्राकडे गेलो तेव्हा तो आम्हाला १९८२ मधला, ऑझीने मंचावर वटवाघळाचं डोकं चावल्याचा प्रसंग सांगून हसवत होता आणि पुढच्याच वाक्याला त्याचा गळा दाटला. तो सावरत होता, तो असाच.

एका गोष्टीत मात्र सावध राहायला हवं. ५ एप्रिल १९९४ रोजी निर्वाणा या अमेरिकी रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन याने सिअ‍ॅटलमध्ये आत्महत्या केली तेव्हा अनुकरणाची लाट येईल अशी भीती होती. तिथल्या नोंदी नंतर तपासल्या तर आत्महत्या वाढलेल्या दिसल्या नाहीत. मदत मागणारे फोन मात्र वाढले होते. त्याच्या कलेचा गौरव करताना त्या कृतीचा गौरव होऊ नये, अशी काळजी तिथल्या माध्यमांनी घेतली होती आणि मदतीचे क्रमांक लोकांपर्यंत पोहोचवले होते. आपल्याकडे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. दुःख महिनोन्‌महिने तसंच राहिलं, झोप-जेवण-काम सुटलं, तर फोन करायला लाजू नये.

बाकीच्यांसाठी सगळ्यात जुना उपाय म्हणजे एकत्र गाणं. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने लोकांना गायला, वाजवायला, नाचायला लावलं आणि त्याआधी व नंतर त्यांची वेदना सोसण्याची ताकद मोजली. ती वाढलेली निघाली. शरीर स्वतःची वेदनाशामकं, एंडॉर्फिन, सोडतं याची ती खूण मानतात. नुसतं ऐकून तसा फरक पडला नाही. अनोळखी माणसंही एकत्र गायली की चटकन जवळ येतात. श्रावणात वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं; तिथे बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको. ३० जुलैला बर्मिंगहॅमच्या रस्त्यावरून ऑझीची अंत्ययात्रा निघाली, पुढे बँड वाजत होता आणि हजारो लोक त्याच्या नावाने आरोळ्या देत होते. त्याच आठवड्यात म्हापशात काही मंडळी मित्राच्या बंद दुकानात गिटार घेऊन जमली. वाजवणं बेताचंच होतं. पण सगळे गायले.

गेलेल्यापासून मन सोडवून घेणं म्हणजे शोक पूर्ण होणं, असा फ्रॉइडचा १९१७ मधला विचार बराच काळ चालला. डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उलट बाजू मांडली: निरोगी माणसंही गेलेल्याशी नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलतात. मित्र आता मुलीला ब्लॅक सॅबथची गाणी वाजवायला शिकवतोय. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुढे ताण कमी व्हावा म्हणून तारा सैल करून खालच्या सुरात लावल्या. त्या जड, गंभीर नादाचं एक कारण हेच. मुलीची बोटं अजून कोवळी आहेत, तारा रुततात. मित्राने तिलाही त्या सैल करून दिल्या आहेत.