हास्केल: आपोआप तयार होणारा कोड आणि कंपाइलचा वेळ (पार्श्वभूमी)

हास्केल ही प्रोग्रामिंग भाषा. टाइपसाठी लागणारा समानतेसारखा नेहमीचा कोड कंपाइलरकडूनच लिहून घेण्याची ‘डिरायव्हिंग’ची सोय तिच्या 1990च्या अहवालापासून आहे. पण असा कोड वाढला की कंपाइलचा वेळही वाढतो. पेडण्यापासून काणकोणपर्यंत गोव्याचे 12 तालुके एका टाइपमध्ये मांडले आणि समानता जोडीजोडीनं लिहिली, तर 144 ओळी होतील. जीएचसी हा हास्केलचा कंपाइलर तसं करत नाही. तो कन्स्ट्रक्टरचे (टाइपमधल्या पर्यायांचे, इथे तालुक्यांचे) क्रमांक काढून दोन पूर्णांक ताडून पाहतो. रेकॉर्डचं मात्र तसं नाही. होमस्टे नोंदणीच्या अर्जात 60 फील्ड असतील तर 60 सिलेक्टर (एकेक फील्ड वाचून देणारी फंक्शन) बनतात आणि कोअर या जीएचसीच्या आतल्या मधल्या भाषेत त्यातला प्रत्येक सिलेक्टर सगळ्या 60 फील्डांना नाव देतो. म्हणजे 3,600 नावं.

2002 साली मांडलेल्या टेम्प्लेट हास्केलमुळे कोड तयार करणारा कोड स्वतः लिहून हवा तेवढाच कोड बनवता येऊ लागला. पण स्प्लाइस, म्हणजे असा कोड बनवणारा तुकडा, कंपाइल होतानाच चालतो, त्यामुळे त्याला लागणारी मॉड्यूलं आधी बांधून तयार असावी लागतात.

कंपाइलच्या वेळेवरून खरा वाद आहे तो 2011 साली जीएचसी 7.2मध्ये आलेल्या ‘जेनेरिक’चा. टाइपचं रूप बेरीज (पर्याय) आणि गुणाकार (फील्ड) यांच्या झाडासारखं मांडायचं आणि एकच फंक्शन त्या झाडावर फिरवायचं, ही कल्पना देखणी होती. लायब्ररी लिहिणाऱ्यांचं काम हलकं झालं, पण भार वापरणाऱ्याच्या बिल्डवर पडला. झाडाच्या प्रत्येक फांदीवर कोअरमध्ये तिचा पूर्ण टाइप लिहिला जातो. 2016 पासून फील्डचं नाव आणि स्ट्रिक्टनेसही (किंमत लगेच काढायची की नाही हेही) टाइपमध्येच असतात. हे मधलं रूप पुसायचं तर ऑप्टिमायझरला सगळं इनलाइन करावं लागतं, म्हणजे फंक्शनचा कोड वापराच्या जागीच उतरवावा लागतो. मेथड मोठी असली की तो थांबतो आणि झाड रनटाइमला उरतं. ‘इनलाइन’ची सक्ती केली तर वापराच्या प्रत्येक जागी कोड फुगतो. मोठ्या रेकॉर्डसाठी हा सौदा तोट्याचाच आहे.

तपासायचं कसं? तोच रेकॉर्ड 20, 40 आणि 80 फील्डांनी कंपाइल करा. जीएचसीचा ‘डीशो-पासेस’ पर्याय प्रत्येक पासनंतर (कंपाइलच्या टप्प्यानंतर) कोअरमधल्या टर्म, टाइप आणि कोअर्शनची (टाइप बदलाच्या पुराव्यांची) संख्या दाखवतो. फील्ड दुप्पट झाल्यावर आकडा चौपट होत असेल, तर वाढ वर्गाच्या पटीत आहे. डिरायव्हिंगनं तयार झालेला कोड ‘डीडंप-डेरिव्ह’ पर्यायानं छापून वाचा. मजकुरातून किंमत वाचणारा ‘रीड’ बहुधा सर्वांत जड निघतो. तो वापरात नसेल तर काढा. मोठे टाइप वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवून तेवढ्याच फाइलला ‘ओ-शून्य’ (ऑप्टिमायझेशन बंद) लावलं, तरी रोजचा बिल्ड हलका होतो.

2018 साली, जीएचसी 8.6मध्ये, आलेल्या ‘डिरायव्हिंग व्हाया’नं दुसऱ्या टाइपचा तयार इन्स्टन्स (समानता, रीड यांसारख्या क्रियांचा कोड) तसाच वापरता येतो. 2023च्या 9.6मध्ये स्प्लाइससाठी बायटकोड (इंटरप्रिटरनं चालवायचा कोड) वापरायचा पर्याय आला. तो तयार करायला ऑप्टिमाइझ केलेल्या ऑब्जेक्ट कोडपेक्षा कमी वेळ लागतो. मात्र स्प्लाइसमध्येच जड गणित असेल तर बायटकोड हळू चालतो.