एसएसडी नवी, बूट मात्र जुन्याच डिस्कवर

आर्णी-दारव्हा भागातल्या एखाद्या सेवा केंद्रात बसलं की ही तक्रार ऐकू येतेच. जुन्या डेस्कटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, टाकली, तिच्यावर विंडोज नव्याने चढवलं, मशीन भराभर चालायला लागलं. काही महिन्यांनी जुनी हार्ड डिस्क आवाज करायला लागली म्हणून काढून ठेवली, आणि मग, "भाऊ, मशीन सुरूच होऊन नाई राह्यलं!" तेही नेमकं जुलैअखेर, पीकविम्याची रांग दारात असताना.

एसएसडी बिघडलेली नसते. विंडोज तिच्यावर असतं, पण त्याला उठवणाऱ्या, म्हणजे बूटच्या, फाइली जुन्या डिस्कवरच्या शंभरेक एमबीच्या तुकड्यात (वाटणीत, म्हणजे पार्टिशनमध्ये) राहिलेल्या असतात. शेत आपल्या नावावर, पण वाट दुसऱ्याच्या धुऱ्यावरून, तशातली गत.

या वेगळ्या तुकड्याचं मूळ १९८३ पर्यंत जातं. आयबीएमने त्या वर्षी १० एमबीची हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी आणला. डिस्कच्या पहिल्याच सेक्टरात, अवघ्या ५१२ बाइटांत, मशीन सुरू करणारा कोड आणि डिस्कच्या वाटण्यांचा तक्ता असं दोन्ही कोंबलं गेलं. तक्त्याच्या वाट्याला ६४ बाइट आले, म्हणजे चारच नोंदी. ज्या वाटणीवर 'ॲक्टिव्ह' अशी खूण, तिच्यातून पुढची सुरुवात. हाच एमबीआर, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड. १० एमबीसाठी आखलेली ही रचना पुढे २ टीबीपर्यंत ताणली गेली, त्यापुढचा पत्ता लिहायला तिच्यात जागाच नव्हती.

विंडोज एक्सपीपर्यंत बूटच्या फाइली बहुधा सी ड्राइव्हवरच असायच्या. २००९ मध्ये विंडोज ७ आलं आणि कोऱ्या डिस्कवर ते आपणहून १०० एमबीचा 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' तुकडा पाडू लागलं. कारण मुख्यतः बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय: सी ड्राइव्हला कुलूप लावायचं तर ते उघडणारी फाइल कुलपाबाहेर हवी. आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर बिटलॉकर कधी कोणी सुरू केलं नाही, तुकडा मात्र सगळ्यांनाच मिळाला.

दरम्यान बायोसची, म्हणजे मशीन सुरू होताच मदरबोर्डवर आधी चालणाऱ्या प्रोग्रामची, जागा यूईएफआय हा त्याचा नवा अवतार घेऊ लागला. इंटेलने इटानियम प्रोसेसरसाठी केलेलं हे काम २००५ पासून यूईएफआय फोरमकडे आलं. यात बूटच्या फाइली फॅट३२ फॉरमॅटच्या स्वतंत्र ईएफआय वाटणीत राहतात आणि वाटण्यांचा तक्ता एमबीआरऐवजी जीपीटी या नव्या पद्धतीचा असतो, ज्यात विंडोज १२८ वाटण्या मानतं.

आता खरी गोम. विंडोज चढवताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील आणि जुनीवर बूटची वाटणी आधीच असेल, तर इन्स्टॉलर बरेचदा तिलाच हाताशी धरतो. नव्या डिस्कवर दुसरी करत नाही आणि तसं सांगतही नाही. हे न सांगणं मला सगळ्यात खटकतं. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून 'सिस्टिम' हा शब्द कोणत्या डिस्कच्या चौकोनात आहे ते पाहिलं की उलगडा होतो. सी ड्राइव्ह 'डिस्क १' वर आणि 'सिस्टिम' 'डिस्क ० ' वर दिसलं, तर जुनी डिस्क काढू नये. आधी एसएसडीवर छोटी बूट वाटणी करून बीसीडीबूट या आज्ञेने फाइली तिथे लिहाव्यात. नव्यानेच विंडोज चढवायचं असेल, तर तेवढ्या वेळापुरती जुन्या डिस्कची केबल काढून ठेवणं सगळ्यात सोपं.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला यूईएफआय लागतं, त्यामुळे एमबीआरवरच्या डिस्क आता जीपीटीवर न्याव्या लागतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये 'एमबीआरटूजीपीटी' हे साधन दिलं. पण एमबीआरच्या चारही नोंदी आधीच भरलेल्या असतील, तर ते सरळ नकार देतं, आणि कंपनीने रिकव्हरीच्या वाटण्या पाडून दिलेल्या जुन्या मशीनवर त्या भरलेल्याच सापडतात.