ब्रेकचा लाल दिवा नेमकं काय मोजतो?

"दिवा लागला होता, थोडं ब्रेक ऑइल टाकलं, गेला." गाडीच्या दुरुस्तीचा हा वृत्तान्त एका मित्राने एका दमात सांगितला आणि विषय संपवला. दिवा गेला हे खरंच होतं. पण ऑइल कमी का झालं, असं विचारल्यावर "उडून जातं ना ते हळूहळू" असं उत्तर आलं, तेव्हा मात्र मला राहवेना. ब्रेक ऑइलची टाकी झाकणबंद असते. त्यातलं ऑइल पेट्रोलसारखं उडून जात नाही.

वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस असं चिन्ह असलेला हा लाल दिवा ब्रेक तपासतो, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याला ब्रेक ठाऊकच नसतात, ठाऊक असतात ते दोन-चार स्विच. त्यातला एक हँडब्रेकच्या दांड्यापाशी असतो, दुसरा बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीत. पुष्कळ गाड्यांत हे दोन्ही एकाच दिव्याला शाळेतल्या समांतर जोडणीने जोडलेले असतात. कोणताही एक स्विच जुळला की विजेचं मंडल पूर्ण होतं आणि दिवा लागतो. टाकीतला स्विच मोठा गमतीचा असतो. ऑइलवर एक तरंगता असतो आणि त्यात लोहचुंबक. पातळी ठरावीक रेषेखाली गेली की चुंबक एका काचेच्या नळीजवळ येतो. नळीत लोखंडाच्या मिश्रधातूच्या दोन बारीक पट्ट्या असतात, त्या चुंबकामुळे एकमेकींना चिकटतात. ही 'रीड स्विच'ची कल्पना वॉल्टर एलवूड यांनी १९३६ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये टेलिफोनसाठी काढली होती.

म्हणजे हँडब्रेक सुटलेला असताना दिवा लागला, तर बहुधा एवढंच कळतं की टाकीतली पातळी उतरली आहे. का उतरली, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर टाकीत सापडत नाही, चाकापाशी सापडतं.

पेडल दाबलं की त्याला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधल्या ऑइलवर दाब येतो आणि पास्कलच्या नियमानुसार तो चाकापाशी जसाच्या तसा पोहोचतो. तिथे कॅलिपरमधला, म्हणजे डिस्कला चिमट्यासारख्या धरणाऱ्या भागातला, पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबले जातात. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण पेडल सोडल्यावर पिस्टन मागे कसा येतो? डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये त्याला मागे ओढणारी स्प्रिंग शोधायला गेलात, तर ती सापडत नाही.

ते काम एक रबराची रिंग करते. पिस्टनभोवती एका खाचेत बसवलेली ही रिंग आडव्या छेदात चौकोनी असते. ऑइल गळू नये हे तिचं उघड काम. दाब आला की पिस्टन पुढे जातो, पण रिंग त्याच्यावरून घसरत नाही. तिची आतली कड पिस्टनला धरून पुढे वाकते, बाहेरची कड खाचेतच राहते. दाब गेला की पिळलेलं रबर सरळ होतं आणि सरळ होता होता पिस्टनला मागे ओढतं. किती? मिलिमीटरचा काही दशांश भाग. पॅड डिस्कपासून सुटायला तेवढं पुरतं.

आता पॅड झिजला. डिस्कला टेकण्यासाठी पिस्टनला पूर्वीपेक्षा किंचित जास्त पुढे जायला हवं, पण रबर तेवढं वाकू शकत नाही. मग पिस्टन रिंगमधून कणभर घसरतो. परत येताना रिंग मात्र त्याला नेहमीइतकंच मागे ओढते. परिणामी पिस्टनची मुक्कामाची जागा कणभर पुढे सरकते आणि पॅड व डिस्क यांतली फट होती तेवढीच राहते. ना स्क्रू, ना दाते, ना इलेक्ट्रॉनिक्स. मला हे रबराच्या एका तुकड्याकडून करून घेतलेलं काम गाडीतल्या कुठल्याही संगणकाहून जास्त आवडतं.

पण फट कायम राहते म्हणून पेडलही जवळजवळ तेवढंच खाली जातं, आणि पॅडची झीज पायाला कळतच नाही. पुढे सरकलेल्या पिस्टनमागची रिकामी जागा मात्र भरावी लागते, आणि ती भरते टाकीतल्या ऑइलने.

थोडा हिशेब करू. पिस्टनचा व्यास ५४ मिमी धरला, तर त्याचं क्षेत्रफळ साधारण २३ चौरस सेंटिमीटर होतं. एका चाकाचे दोन्ही पॅड प्रत्येकी ८ मिमी झिजले आणि कॅलिपर एकाच बाजूला पिस्टन असलेला, सरकता असेल, तर दोन्ही पॅडची झीज त्या एकाच पिस्टनला भरून काढावी लागते आणि तो एकूण १६ मिमी पुढे येतो. २३ गुणिले १.६, म्हणजे सुमारे ३७ घन सेंटिमीटर. पुढच्या दोन चाकांचे मिळून ७४. एवढ्याशा टाकीची पातळी खालच्या रेषेकडे न्यायला तेवढे पुरतात. थेंबभरही न गळता, न उडता.

म्हणून वळणावर किंवा उतारावर दिवा क्षणभर लुकलुकून विझतो, त्याकडे दुर्लक्ष करू नये. पातळी रेषेच्या जवळ आली आहे आणि गाडी कलली की तरंगता तेवढ्यापुरता खाली जातो. गाडीचे ग्रह फिरलेले नसतात. 'सेन्सर खोटं बोलतो, वायर काढून टाका' असं सांगणाऱ्या व्हिडिओंचं काय करावं हे मला कळत नाही. आणि इंजिनचे कोड वाचणाऱ्या स्वस्त अ‍ॅपने 'दोष नाही' म्हटलं, तर त्याने इंजिनपुरतंच सांगितलेलं असतं.

पातळी उतरण्याचं दुसरं कारण गळती, आणि ते तातडीचं. आधुनिक गाडीत ब्रेक ऑइलची दोन स्वतंत्र मंडलं असतात (अमेरिकेत १९६८ पासून तशी सक्तीच आहे). टाकीतही मध्ये पडदा असतो, त्यामुळे एक मंडल गळालं तरी दुसऱ्यापुरतं ऑइल उरतं. पण पेडल खोल जातं आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं.

तेव्हा चालताना दिवा लागला, तर आधी हँडब्रेक अर्धवट ओढलेला नाही ना, ते बघा. नसेल तर पेडल हलकेच दाबून पाहा. नेहमीसारखं घट्ट लागलं तर जपून बाजूला थांबा, सपाट जागी पातळी पाहा आणि पॅड तपासून घ्या. मऊ लागलं किंवा खोल गेलं तर ती गाडी पुढे चालवू नका, टो करून न्या. अगदीच तळाला गेलं तर भराभर पंप करा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा. झटक्यात ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. चालती गाडी बंद मात्र करू नका, कारण पाय हलका करणारा बूस्टर बहुधा इंजिनच्या निर्वातावर चालतो आणि इंजिन बंद झाल्यावर एक-दोन दाबांपुरताच उरतो. लाल दिव्याबरोबर एबीएसचा (ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवाही लागला, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते.

आणि दिवा न लागताही ब्रेक जाऊ शकतात. ब्रेक ऑइल हे मुळात तेलच नाही. प्रचलित प्रकार ग्लायकॉल वर्गातल्या रसायनांचे असतात आणि ते हवेतलं पाणी शोषतात. त्यातलं 'डॉट ४' या प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, पण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तोच १५५ वर येतो. लांब उतारावर तापलेल्या कॅलिपरमध्ये वाफ झाली की पेडल ती वाफच दाबत बसतं. टाकीतली पातळी उतरत नाही, त्यामुळे तरंगत्याला यातलं काहीच कळत नाही. म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत ऑइल बदलायचं.

मित्राच्या गाडीचं चाक शेवटी खोललं. पॅडवर कागदाच्या पुठ्ठ्याएवढा थर उरला होता. नवे पॅड बसवायला मेकॅनिकने क्लॅम्प लावून पिस्टन मागे ढकलला, आणि टाकीतलं ऑइल आपोआप चढू लागलं. वरच्या रेषेला पोहोचलं, ती ओलांडली आणि झाकणाच्या कडेने ओघळून खालच्या रंगवलेल्या पत्र्यावर पसरलं. मित्राने टाकलेलं ते 'थोडं' ऑइल होतं. मेकॅनिक पाण्याची बाटली घेऊन धावला, तरी दुसऱ्या दिवशी तिथला रंग फुगून आला होता.