पार्श्वभूमी : स्टुडिओतला चेलो आणि न छापलेले नाव

गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सोल्फेज (स्वरलिपी पाहून गाण्याची तालीम) आणि व्हायोलिन शिकलेली मुले मुंबईत कशी आली, धोबीतलावच्या कूडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक वसतिस्थानांत, कशी राहिली, मूकपटांच्या थिएटरांतून आणि हॉटेलांच्या बँडमधून बोलपटांकडे कशी वळली, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते इथे पुन्हा सांगत नाही. प्रश्न आहे तो त्यांच्यातल्या चेलोवादकांचा. चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातले, पण मोठे आणि खालच्या सुरांचे वाद्य. व्हायोलिनांचा मोठा ताफा सगळ्यांना आठवतो, त्याच्याखाली गाण्याला बूड देणारे दोन-चार चेलो मात्र सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाहीत.

पन्नास ते सत्तरच्या दशकांत या वादकाचा दिवस मेसेंजरच्या निरोपाने ठरे. ताडदेवला की महालक्ष्मीला, सकाळची शिफ्ट की दुपारची, एवढेच कळे. गाणे कोणते, चित्रपट कोणता, हे तिथे गेल्यावर. स्टँडवर अरेंजरने, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते ठरवणाऱ्याने, लिहिलेला कागद असे. तो पाहून लगेच वाजवायचे. गायक आणि सगळा वाद्यवृंद एकत्रच ध्वनिमुद्रित होत असल्यामुळे एकाचा सूर चुकला की टेक सर्वांचा वाया जाई. मोबदला शिफ्टचा, गाणे पुढे पन्नास वर्षे वाजत राहिले तरी तेवढाच.

आवडीनिवडीचे विचाराल तर ही माणसे एकाच दिवसात दोन जगांत वावरत. दुपारी स्टुडिओत ठुमरीच्या अंगाची चाल वाजवायची, संध्याकाळी सिम्फनीच्या तालमीला जायचे, रविवारी चर्चमध्ये मासला (प्रार्थनाविधीला) साथ करायची. घरी एकट्याने वाजवायला जर्मन संगीतकार बाखच्या चेलोसाठीच्या सहा सुइट्स, म्हणजे नृत्यरचनांच्या मालिका. साथीदार न लागणारे हे संगीत जगभरच्या चेलोवादकांचा रोजचा रियाज आहे. स्टुडिओतले काम पोटासाठी आणि बाख मनासाठी, अशी विभागणी अनेकदा केली जाते. मला ती पटत नाही. चेलोला पडदे नसतात. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, हवी तशी ओढता येते आणि खर्जात ती माणसाच्या आवाजाच्या फार जवळ जाते. रागाची तालीम न घेतलेल्या वादकांनी केवळ कानाने ती मींड आत्मसात केली. मनापासून आवडल्याशिवाय हे घडत नाही.

इथे एका शब्दापाशी थांबायला हवे : ऑब्लिगाटो. मुंबईच्या स्टुडिओत त्याचा अर्थ होता, गायक गात असताना मागून चालणारी दुसरी सुरावट. चेलोच्या वाट्याला ती वारंवार येई. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ ‘बंधनकारक’, म्हणजे वगळता येणार नाही असा भाग. युरोपातल्या बरोक काळात (सुमारे १६०० ते १७५०) तो याच अर्थाने लिहीत. पुढे तिकडेच हा शब्द इतका सैल झाला की हवी तर वाजवावी अशा सजावटीलाही लोक ऑब्लिगाटो म्हणू लागले. मुंबईत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदले. ती सुरावट नसेल तर गाणे ओळखू येणार नाही अशी गाणी आहेत, तरीही ती ‘मागची’. ती लिहिणारा अरेंजर पडद्यावर ‘असिस्टंट’ म्हणून येई आणि वाजवणारा येतच नसे.

नाव न छापण्याची ही सवय पुढे कायद्यात शिरली. वादकाला परफॉर्मर म्हणून कॉपीराइट कायद्यात जागा मिळाली ती १९९४ च्या दुरुस्तीने. पण चित्रपटात वाजवायला एकदा संमती दिली की ते हक्क तिथेच संपत. २०१२ च्या दुरुस्तीने परफॉर्मरलाही रॉयल्टीचा मार्ग खुला केला आणि त्याच वेळी परफॉर्मरच्या व्याख्येला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी तरतूद, जोडले. चित्रपटातले ज्याचे सादरीकरण नैमित्तिक किंवा आनुषंगिक आहे आणि उद्योगाच्या नेहमीच्या प्रथेप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कुठेच येत नाही, त्याला परफॉर्मर मानायचे नाही. आपल्या सादरीकरणाची मोडतोड करून लौकिकाला बाधा आणली गेली तर हरकत घेण्यापुरता त्याचा हक्क राहतो.

गर्दीच्या दृश्यातल्या माणसासाठी ही तरतूद समजू शकते. पण गाण्याचा अर्धा भार पेलणारा चेलो आनुषंगिक कसा? अटी दोन आहेत आणि मधे ‘आणि’ आहे, म्हणजे नुसते नाव नसणे पुरेसे नाही, असा अर्थ लावता येतो. मला तोच योग्य वाटतो. तरी ज्या प्रथेने वादकाचे नाव दशकानुदशके गाळले, त्याच प्रथेला त्याचा हक्क मोजण्याचे माप करावे, हा निर्णय अन्यायाचा आहे.

नंतरचे बदल वेगाने झाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून सिंथेसायझरने तारवाद्यांचे ताफे आटवले. २००६ मध्ये मुंबईत नरिमन पॉइंटला व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद उभा राहिला, पण त्यात कझाकस्तानहून आलेले वादक मोठ्या संख्येने होते. २०१६ च्या ‘सैराट’साठी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित झाला तो हॉलिवूडमध्ये. गाण्यांच्या तपशिलात हल्ली वादकांची नावे दिसू लागली आहेत, कधी चेलोवादकाचेही. नाव छापण्याची प्रथा पडली तर परंतुकातली दुसरी अट नव्या वादकांपुरती गळून पडेल. जुन्या गाण्यांत चेलो वाजवलेल्यांपैकी बहुतेकांची नावे त्या रेकॉर्डांवर नाहीतच.