आच्छादन पीक आणि फेरपालट (पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी)

शहर ज्या नदीतून किंवा विहिरींतून पाणी उचलते, तिच्या वरच्या अंगाच्या शेतांतली पीकपद्धत बदलून पाण्यात उतरणारे नायट्रेट (पाण्यात सहज विरघळणारे नत्राचे, म्हणजे नायट्रोजनचे संयुग) कमी करण्याचा उपाय. मुख्य पीक निघाल्यावर रान उघडे न ठेवता त्यात आच्छादन पीक घेणे आणि तीच ती पिके न घेता फेरपालट करणे, हे त्याचे दोन भाग. बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण, पाहून पेरणाऱ्या मराठी शेतकऱ्याला दुसरा भाग नवा नाही. नवे आहे ते एवढेच, की इथे बेवडाचा लाभ पुढच्या पिकाबरोबर कित्येक मैल खाली नळ उघडणाऱ्यालाही मिळतो.

या उपायाची मोठी चर्चा अमेरिकेतल्या आयोवा राज्यात झाली. राजधानीचे डी मॉइन शहर रॅकून आणि डी मॉइन या दोन नद्यांचे पाणी पिते, आणि दोन्ही नद्या मका-सोयाबीनच्या सलग पट्ट्यातून येतात. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, भारतात ४५. हे पाहून भारताचा नियम ढिला वाटतो, पण तसे नाही. तिकडे फक्त नायट्रोजनचे वजन धरतात, इकडे अख्ख्या नायट्रेटचे. मर्यादा जवळजवळ एकच. ती ठरली तान्ह्या मुलांसाठी. नायट्रेटमुळे सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळसर पडते. पाणी उकळून उपयोग नसतो; पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते.

दोष केवळ खताच्या गोणीचा नाही. या भागातली काळी माती सेंद्रिय द्रव्याने भरलेली आहे आणि वसंतात ऊब मिळताच ती स्वतःहून नायट्रेट सोडू लागते. मक्याची भूक मात्र जून ते ऑगस्टची. ऑक्टोबरपासून मेपर्यंत रानात जिवंत मूळ नसते, आणि नेमका त्याच काळात बर्फ वितळतो, पाऊस येतो. हा मुलूख मुळात दलदलीचा. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमिनीत पुरतात तशा सच्छिद्र पाइपा निचऱ्यासाठी इथे शेतोशेती सुमारे मीटरभर खोल घातलेल्या आहेत. एप्रिलमध्ये ओढ्याच्या काठी उभे राहिले तर अशा पाइपेच्या तोंडातून पडणारे पाणी नितळ दिसते, गढूळपणा नावाला नाही. नायट्रेट त्यातच असते. बांध, ताली आणि गवताचे पट्टे माती अडवतात. जमिनीखालून निघालेल्या या पाण्याला ते आडवे येत नाहीत.

डी मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रेट काढण्याचा खास प्रकल्प उभारला. २०१५ साली तो १७७ दिवस चालवावा लागला. त्याच वर्षी संस्थेने वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांतल्या (जिल्ह्यांतल्या) निचरा मंडळांवर, म्हणजे शेतांतल्या पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थांवर, खटला भरला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. शेतातून वाहणारे पाणी अमेरिकेच्या जलप्रदूषण कायद्याच्या परवान्यातून बव्हंशी सुटते, त्यामुळे सक्तीचा रस्ता तिथेच अडला. जून २०२५ मध्ये नायट्रेट इतके चढले की शहर आणि उपनगरांत हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली.

उरतो शेतातला उपाय. आयोवात आच्छादनासाठी बहुधा राय पेरतात. ही फोडणीतली राई नव्हे, गव्हासारखे दिसणारे धान्य. मका उभा असतानाच विमानातून बी फेकतात, किंवा कापणीनंतर यंत्राने पेरतात. बोटभर रोप बर्फाखाली हिवाळा काढते आणि इतर रान अजून काळे असताना हिरवे होऊन नायट्रेट ओढू लागते. मका पेरण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी ते मारावे लागते. उशीर झाला तर कुजणारे धाटच नत्र धरून बसते आणि मका पिवळा पडतो. राज्याने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या पोषकद्रव्य धोरणात रायमुळे नायट्रेटची गळती सरासरी ३१ टक्क्यांनी घटते आणि मक्याचे उत्पन्न सुमारे ६ टक्क्यांनी, असे आकडे आहेत. शेतकरी हात का आखडतो, याचे उत्तर दुसऱ्या आकड्यात आहे. पीकविम्याच्या हप्त्यात एकरी ५ डॉलरची सूट मिळते, पण बियाणे आणि मेहनत त्यात भागत नाही.

फेरपालटीचे आकडे जास्त बोलके आहेत. मका-सोयाबीनच्या जोडीला लसूणघास घेतली तर त्याच धोरणानुसार गळती ४२ टक्क्यांनी घटते, आणि मक्याचे उत्पन्न उलट वाढते. आयोवा राज्य विद्यापीठाच्या मार्सडेन प्रक्षेत्रावर दोन, तीन आणि चार वर्षांच्या फेरपालटी २००० नंतर वर्षानुवर्षे शेजारी शेजारी घेतल्या गेल्या. ओट आणि लसूणघास आलेल्या वाफ्यांत खत व तणनाशक कितीतरी कमी लागले, नफा मात्र मका-सोयाबीनच्या तोडीचा राहिला. मग पसरले का नाही? ओट पूर्वी घोड्यांसाठी लागे. ट्रॅक्टर आला आणि गिऱ्हाईक गेले. घास खाणारी गुरे शेतावरून हलली. शेतकऱ्याला फेरपालट शिकवायला नको, त्याला ओटाचा ग्राहक हवा. अनुदानाच्या योजना हा मुद्दा सहसा टाळतात.

जर्मनीतल्या म्युनिक शहराने पैशाची बाजू सरळ उचलली. शहराचे बहुतांश पाणी मांगफाल खोऱ्यातून येते. तिथल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीकडे वळण्यासाठी नगरसंस्था १९९२ पासून हेक्टरी रक्कम देत आली. हे खोरे कुरणांचे आणि दुभत्या गुरांचे असल्याने बदल सोपा गेला. आयोवाशी तुलना करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

विदर्भातल्या अनेक विहिरींच्या पाण्यातही नायट्रेट मर्यादेबाहेर आढळते, म्हणून एक फरक नोंदवायला हवा. आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी घेतात तो ताग आणि धैंचा शेंगवर्गीय आहेत. ती पिके हवेतला नत्र बांधून जमिनीत घालतात. जमीन कसदार करायला उत्तम, पण सुटलेले नायट्रेट पकडायला तृणवर्गीय पीकच अधिक उपयोगी.